आर्ब्रोथचा अभ्यास दगडापासून सुरू करा
स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील आर्ब्रोथ या गावाच्या अभ्यासाची सुरुवात १३२० साली पोपला पाठवलेल्या स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याच्या पत्रापासून तुम्ही केलीत, हे योग्यच आहे. तरी माझा आग्रह असा की आधी तिथला तांबडा वालुकाश्म नीट समजून घ्यावा, कारण गावाच्या ईशान्येचे समुद्रकडे आणि राजा विल्यमने ११७८ मध्ये स्थापलेला मठ, दोन्ही त्याच दगडाचे आहेत. लाटांनी तो पोखरला जाऊन कड्यांत गुहा झाल्या आहेत. मठाच्या दक्षिणेकडील उंच गोल खिडकीत दर्यावर्दींसाठी दिवा लावत असत, असे सांगतात. मग नकाशात आग्नेयेला, सुमारे १८ किलोमीटरवर, बेल रॉक शोधा: भरतीच्या वेळी पाण्याखाली जाणाऱ्या त्या खडकावर रॉबर्ट स्टीव्हन्सन यांनी बांधलेला दीपस्तंभ १८११ पासून उभा आहे.