नागपूरहून घरच्यांना घेऊन गोल्फची सहल करायची तर आखणी कुठून सुरू करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चार मित्र, त्यांच्या बायका, तीन पोरं आणि एक सासूबाई. डिसेंबरात चार-पाच दिवस, निघायचं नागपूरहून. चौघांपैकी दोघं नेमाने खेळतात, दोघं नुकते शिकलेत, बाकी कुणाला गोल्फमध्ये काडीचाही रस नाही. कुठे जावं आणि कसं आखावं?

मी नागपूरचाच. बेचाळिसाव्या वर्षी साडूभाऊंच्या ओळखीने एका फौजी मैदानावर पहिल्यांदा स्टिक हातात धरली, आता हँडिकॅप अठरा आहे, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण अठरा जास्त लागतात. म्हणजे खेळाडू बेताचाच, पण अशा तीन सहली आखून झाल्यात. त्यातली पहिली पार फसली, म्हणून तिच्यापासूनच सांगतो.

आम्ही एका थंड हवेच्या ठिकाणी गेलो होतो. विमानाची तिकिटं, हॉटेल, टॅक्सी, सगळं तीन महिने आधी पक्कं. क्लबला मात्र एकच फोन केला होता. पलीकडून कुणीतरी म्हणालं, "हो हो, या ना, पाहुण्यांना खेळता येतं." शनिवारी सकाळी पोचलो तर सभासदांची स्पर्धा, दोन दिवस मैदान बंद. सोमवारी साप्ताहिक सुट्टी. मंगळवारी दुपारी आमचं परतीचं विमान. चार गोल्फ बॅगा चारही दिवस हॉटेलच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून उभ्या होत्या. येता-जाता त्यांच्याकडे बघून बायको एकदाच म्हणाली, "हे चौघं जेवायला येणार नाहीत का आपल्यासोबत?"

तेव्हा आधी क्लब, मग तिकीट. आपल्याकडचे बरेच चांगले कोर्स सभासदांचे आहेत. काही ठिकाणी बाहेरच्याला सभासदासोबतच खेळता येतं, काही ठिकाणी ग्रीन फी (मैदानावर खेळण्याचे पैसे) भरून, पण फक्त कामाच्या दिवशी. नागपुरात तुमच्यापैकी कुणी एखाद्या जुन्या क्लबाचा सभासद असेल तर त्याची संलग्न क्लबांची यादी काढा, पुष्कळदा तिथूनच दार उघडतं. ईमेल करून तारीख, टी-टाइम (खेळ सुरू करायची ठरलेली वेळ), त्या आठवड्यात स्पर्धा आहे का, हँडिकॅपचं प्रमाणपत्र लागतं का, मुलांना कुठवर येता येतं, हे सगळं विचारा आणि उत्तर लेखी आल्याशिवाय पुढची हालचाल करू नका. अनेक क्लब सोमवारी बंद असतात, तो दिवस प्रवासाला ठेवा.

कुणाचीच ओळख नसेल तर पैसे भरून खेळता येणारे सार्वजनिक कोर्स बघा. दिल्लीत डीडीएचा (दिल्ली विकास प्राधिकरणाचा) कुतुब कोर्स आहे, नवी मुंबईत खारघरला सिडकोचा. दिल्ली मात्र डिसेंबर-जानेवारीत नकोच. धुक्यात विमानही लेट आणि सकाळचा टी-टाइमही.

आता खरा मुद्दा. तुमच्या बारा जणांत आठ जण खेळणारच नाहीत. सहल त्यांची आहे असं धरून आखा आणि गोल्फ त्यात बसवा. अठरा होलला, म्हणजे पूर्ण डावाला, चार ते साडेचार तास लागतात, वर चहा, आंघोळ आणि "तो सातव्या होलचा पुट गेला असता ना भाऊ" हे पुराण (पुट म्हणजे चेंडू खळग्यात ढकलायचा हलका फटका). दहाला निघालात की दुपारचे चार वाजतात आणि घरच्यांचा दिवस गेला. म्हणून उजाडता उजाडता पहिला फटका आणि अकराला हॉटेलात हजर. चार दिवसांत अशा दोनच सकाळी घ्या, त्यांच्या मधे एक दिवस सोडा. तिसरी सकाळ मागितलीत तर वाटाघाटी तुमच्या घरी तुम्हीच करा.

जागा म्हणाल तर डिसेंबरात मी डोळे मिटून हैदराबाद सांगेन. साधारण पाचशे किलोमीटर, सरळ 44 नंबरचा महामार्ग. पहाटे पाचला निघायचं, जामला चहा-नाश्ता, हिंगणघाट, पांढरकवडा, पाटणबोरी करत पैनगंगा ओलांडली की तेलंगण. निर्मलला गाडी थांबवा. तिथली लाकडी खेळणी नावाजलेली आहेत, पोरांचा पुढचा दोन तासांचा प्रश्न मिटतो. गाडी चालवायची नसेल तर नागपूर-सिकंदराबाद वंदे भारत आहे. विमानाने जायचं तर एक हिशेब आधी करा: देशांतर्गत तिकिटावर बहुतेक कंपन्या 15 किलो सामान देतात आणि भरलेली गोल्फ बॅगच बारा-तेरा किलो भरते. कपडे मग बायकोच्या बॅगेत, म्हणजे परत वाटाघाटी.

गाडीत चार बॅगा मावतील या भ्रमात राहू नका. मागची सीट उघडी ठेवून इनोव्हात दोन बॅगा आडव्या जातात, त्याही ड्रायव्हर बाहेर काढून, म्हणजे त्या नावाची लांब स्टिक, माणूस नव्हे. नियमाने चौदा स्टिक चालतात, पण नवशिक्या दोघांना सात-आठ पुरे. एका बॅगेत दोघांचं भागवा किंवा तिथे सेट भाड्याने घ्या.

हैदराबादचा एक कोर्स गोवळकोंड्याच्या नया किल्ल्याला लागून आहे. 1656 मध्ये औरंगजेबाने वेढा घातला, त्या काळात किल्ल्याला जोडून वाढवलेला हा भाग. आत एक अवाढव्य बाओबाब आहे, आपल्याकडे त्याला गोरखचिंच म्हणतात. लोक त्याला 'हत्तियां का झाड' म्हणतात, आणि खोड पाहिलं की का ते विचारावं लागत नाही. गच्चीबावलीकडे खडकांमधून काढलेला बोल्डर हिल्सचा कोर्स आहे. तिथे चेंडू दगडावर आपटून कुठल्या कुठे जातो, तेव्हा जुने चेंडू न्या.

तुम्ही खेळत असताना बाकीच्यांनी आरामात उठावं, इडली खावी. मग अकरानंतर सगळे मिळून गोवळकोंडा, दुसऱ्या दिवशी कुतुबशाही मकबरे, चारमिनार. सालारजंग संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, हे आम्हाला फाटकाशी कळलं.

पोरांना कोर्सवर नेऊ नका, ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर न्या. बादलीभर चेंडू घ्यायचे आणि तासभर बडवू द्यायचे. माझ्या मुलीने पहिल्या पाच वेळा हवाच कापली. शेजारी उभा असलेला म्हातारा कॅडी (खेळाडूची बॅग वाहणारा मदतनीस) काही बोलला नाही. त्याने फक्त तिची टोपी पुढून दोन बोटांनी खाली दाबली, म्हणजे नजर चेंडूवरून हलणार नाही. सहावा चेंडू शंभर यार्ड गेला. पुढचे दोन दिवस तिने "बाबा, रेंजवर कधी?" म्हणून पिच्छा पुरवला.

तुमचे दोन जुने आणि दोन नवे एकत्र खेळणार तर आपापला स्कोअर मोजायच्या भानगडीत पडू नका. नवशिक्या बारा-बारा फटके मारतो, मागचा गट कंबरेवर हात ठेवून उभा राहतो आणि मैत्रीत कडवटपणा येतो. स्क्रँबल खेळा: दोन-दोनच्या जोड्या, प्रत्येकात एक जुना आणि एक नवा. दोघांनी मारायचं, जो चेंडू चांगला पडला तिथून दोघांनी पुढचा फटका मारायचा. नव्याचा एखादा लांब पुट जोडीला तारतो आणि मग तो जेवेपर्यंत त्याबद्दलच बोलतो. पैज लावायची तर सावजीची लावा, नागपूरला परतल्यावर वसूल करायची.

कॅडी नक्की घ्या. काही क्लबांत 'आगेवाला'ही मिळतो, म्हणजे पुढे उभा राहून चेंडू कुठे पडला ते बघणारा. नवशिक्यांना तो देवासारखा. कॅडीची बक्षिसी रोख द्यावी लागते, सुट्टे पैसे ठेवा. कॉलरचा टी-शर्ट आणि साधी पँट घाला, जीन्स नको. आमच्यातल्या एकाला क्लबाच्या दुकानातून नवी पँट घ्यावी लागली होती, ती अजून त्याला तोकडीच होते.

पैशाचं आधीच स्पष्ट करा. हॉटेल, गाडी, जेवण सामायिक. ग्रीन फी, कॅडी, बग्गी (कोर्सवर फिरायची छोटी गाडी), भाड्याचा सेट खेळणाऱ्यांच्या खिशातून. आमच्याकडे वहीत दोन पानं असतात, डावं आणि उजवं. दुसऱ्या सहलीत हे नव्हतं, तेव्हा एका वहिनींनी नम्रपणे विचारलं होतं, "आम्ही न खेळलेल्या खेळाचे एवढे?" उत्तर कुणाकडेच नव्हतं.

पुढे उन्हाळ्यात जायचं झालं तर शिमल्याजवळ नालदेहरा किंवा गुलमर्ग. गुलमर्ग 2650 मीटरच्या आसपास आहे, विरळ हवेत चेंडू साधारण दहा टक्के लांब जातो आणि माणूस तेवढाच लवकर दमतो. पण चार दिवसांत नागपूरहून तिथे जाऊन येण्यात दोन दिवस रस्त्यातच जातील.

आणि सासूबाईंना न्यावं का, हे तुम्ही सगळ्यात शेवटी विचारलंय. न्या. गोवळकोंड्याच्या पायऱ्या त्यांना झेपणार नाहीत, त्यांनी खालीच बसावं. माझ्या सासूबाईंना आम्ही क्लबाला विचारून बग्गीत बसवून नऊ होल फिरवलं. चौथ्या होलवर माझा तिसरा चेंडू पाण्यात गेला तेव्हा त्या म्हणाल्या, "जावईबापू, पैसे देऊन चेंडू हरवायले आले का आपण इथं?" बग्गीत खेळाडू सोडून दुसऱ्याला बसू देतात का, हे मात्र त्या ईमेलमध्येच विचारून घ्या. सगळीकडे देत नाहीत.