कोअर फिरतो, पण कुलूप उघडत नाही

प्रश्न : नमस्कार दादा. मला गेल्या वर्षीपासून कुलपं पिक करायचा, म्हणजे किल्लीशिवाय बारीक हत्यारांनी उघडायचा, नाद लागलाय (घरचे हसतात, हसू देत). पारदर्शक प्रॅक्टिस कुलूप आणि साधी पिनांची कुलपं आता पटापट उघडतात म्हणून मास्टर लॉक कंपनीचं १४० नंबरचं कुलूप मागवलं. तर त्यात विचित्रच प्रकार होतोय, कोअर (किल्ली घालतो तो आतला फिरणारा भाग) थोडा फिरतो, वाटतं झालं, उघडलं, आणि तिथेच अडकून बसतो. जोर लावला तरी ढिम्म हलत नाही. कुलूप खराब निघालं का माझंच काही चुकतंय?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, कुलूप अगदी ठणठणीत आहे. आणि कोअर तेवढा फिरला म्हणजे तुमचं निम्मं काम झालंय, त्यामुळे वैतागू नका.

१४० हे पितळी कुलूप, चार पिना, पण त्यात स्पूल पिना घातलेल्या असतात. कुलपात प्रत्येक जागी दोन पिना एकावर एक असतात, आणि वरची पिन कोअर अडवून धरते. साधी वरची पिन म्हणजे सरळ नळकांडं, ती कोअरच्या बाहेर गेली की विषय संपला, पिन बसली. स्पूल पिन मात्र शिवणाच्या मशीनच्या रिळासारखी, मधे कंबर बारीक आणि दोन्ही टोकांना कडा. कोअर फिरायला लागला की तो त्या कंबरेत शिरतो, म्हणून फिरल्यासारखा वाटतो, आणि मग खालची कडा त्याला अडवते. ह्यालाच फॉल्स सेट म्हणतात. इथे जोर वाढवला की कडा आणखी घट्ट रुतते, म्हणजे जितका जोर तितकं कुलूप खूश.

आता करायचं काय, तर फॉल्स सेट तसाच धरून ठेवा आणि एकेक पिन हलकेच चाचपा. जी बसलीय ती काही बोलणार नाही. पण एका पिनेला वर ढकललंत की टेन्शन रेंचवरचं (कोअरला फिरवायचा ताण देणारी वाकडी पट्टी) तुमचं बोट मागे रेटलं जाईल, कोअर उलटा फिरायला बघेल. तीच आपली स्पूल! ह्या क्षणी बोट आपोआप घट्ट होतं, सगळ्यांचंच होतं, आणि तिथेच गाडी अडते. तुम्ही उलट करायचं, पिकने पिन सावकाश वर रेटत राहायचं आणि रेंचवरचं बोट किंचित सैल सोडायचं, कोअरला हवं तेवढं मागे येऊ द्यायचं. कडा निसटली की खुट्ट होतं, आणि कोअर एकतर पुढच्या स्पूलवर जाऊन अडकतो नाहीतर सरळ उघडतो.

बोट जरा जास्तच सैल झालं तर आधी बसलेली एखादी पिन खाली पडते. पडू दे, परत बसवायची, ह्यातून कुणाचीच सुटका नाही. किल्लीच्या भोकात खालच्या बाजूला लावायच्या रेंचऐवजी वरच्या बाजूला लावायची चपटी रेंच घेऊन बघा, पिकला जागा मोकळी मिळते आणि उलटं फिरणं बोटाला छान कळतं.

१४० हातात बसलं की अमेरिकन लॉक कंपनीचं ११०० घ्या. अॅल्युमिनियमची बॉडी, पाच पिना, त्यात स्पूल आहेतच शिवाय सेरेटेड, म्हणजे अंगभर बारीक खाचा पाडलेल्या. त्या प्रत्येक खाचेवर क्लिक देतात आणि उलटं फिरणं जवळजवळ नाहीच, त्यामुळे क्लिकवर विश्वास ठेवायचा नाही. क्लिक झाल्यावर पिन परत चाचपायची, ताठ लागली तर अजून बसायचीय, सैल हलली तर बसली. पण ११०० ची खरी मजा म्हणजे ते खोलता येतं. किल्लीने उघडा, कडी फिरवून बाजूला करा, कडीच्या भोकात आत एक स्क्रू दिसेल, तो काढला की कोअरचं अख्खं सिलिंडर बाहेर. पिना काढताना मागून कोअरच्याच जाडीचा गोल दांडा सरकवत न्यायचा आणि खाली ताट ठेवायचं, कारण स्प्रिंगा उडाल्या की सोफ्याखाली रांगत बसावं लागतं. आधी दोनच पिना घालून उघडा, मग तीन, मग पुढे. माझ्या मते ढीगभर नवी कुलपं घेण्यापेक्षा एकच असं खोलून शिकलेलं बरं.

आणि घाई नको. लंडनच्या पिकॅडिलीत कुलपं बनवणाऱ्या ब्रामा कंपनीने दुकानाच्या खिडकीत कुलूप ठेवलेलं, उघडून दाखवा आणि २०० गिनी घ्या म्हणून, ते १८५१ साली अमेरिकेच्या हॉब्जने उघडलं, पण १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले त्याला. तो तर कुलपांच्याच धंद्यातला माणूस होता.

प्रश्न : सोसायटीच्या गेटच्या कुलपावर सराव केला तर चालेल का? आणि पिकसेट बॅगेत घेऊन फिरलं तर?
– कॉलेजात शिकणारा वाचक

उत्तर : गेटचं नाही म्हणजे नाही. ह्या छंदात नियम दोनच, कुलूप आपलं स्वतःचं हवं आणि ते वापरातलं नको. स्वतःच्या घराच्या दारावरही नको, पिन किंवा स्प्रिंग अडकली तर रात्री किल्लीवाला शोधत फिराल. सेटचं म्हणाल तर महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१ चं कलम १२२ वाचून ठेव. सूर्यास्त ते सूर्योदय घरफोडीचं हत्यार सबळ कारणाशिवाय जवळ सापडलं तर गुन्हा, आणि कारण सबळ आहे हे सिद्ध तुलाच करायचंय. रात्रीच्या लोकलमध्ये हवालदाराला स्पूल पिन समजावत बसणार का? सेट घरीच ठेव.

प्रश्न : आजोबांचं जुनं गोदरेजचं नवताल कुलूप आहे, ह्या पिकने उघडेल?

उत्तर : नाही. नवतालमध्ये पिना नसतातच, लिव्हर म्हणजे किल्लीने उचलल्या जाणाऱ्या चपट्या पट्ट्या असतात, सहा, सात, आठ अशा. त्याची हत्यारंही वेगळी, त्यामुळे तूर्त किल्ली जपून ठेवा.