माणूस नको बघू, रस्ता बघ

तुझा मेसेज रात्री पावणेतीनला आलाय, म्हणजे परत झोप लागली नाही तर. हॉर्न, दोन्ही बाजूंना गाड्या, कोपऱ्यावरचा कचरा, आणि आता ग्रुपवर तुलाच कटकटी म्हणायला लागलेत. भांडू की घर सोडू असं विचारलंयस. धीर धर वगैरे मी लिहीत बसत नाही, ते सगळे सांगतातच. माझं एकच सांगणं आहे: माणूस नको बघू, रस्ता बघ.

मी उलटं केलं, आणि चांगली अकरा वर्षं केलं. समोरचे गृहस्थ रोज त्यांची व्हॅन आमच्या गेटच्या तोंडाशी लावायचे. मी काचेवर चिठ्ठ्या चिकटवल्या, चारचौघांत आवाज चढवला, तक्रारी केल्या, शेवटी दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं, पोरांचं एकत्र खेळणंसुद्धा. मग ते घर विकून गेले. नवीन बिऱ्हाड आलं आणि आठ दिवसांत त्यांची गाडी बरोब्बर तिथेच, तशीच तिरकी. तेव्हा पहिल्यांदा मी खाली उभा राहून नीट बघितलं. पलीकडे चेंबरचं झाकण वर आलेलं, अलीकडे खांब, पुढे लगेच वळण, मोठी गाडी लावायला अख्ख्या गल्लीत तेवढी एकच जागा. खांब हलवून मागायचा होता आणि मी माणूस हलवत बसलो होतो. त्या पोरांची मैत्री आता परत येणार नाही, हे मला अजून लागतं.

तुझ्या खिडकीखालचा हॉर्नच घे. डिलिव्हरीवाले बेशिस्त आहेत म्हणतेस. असतील गं. पण दोन्ही कडा भरलेल्या असताना तो थांबणार कुठे? मधोमधच, आणि मागचा हॉर्न मारणारच. उद्या तो मुलगा बदलेल, हॉर्न तोच राहील. दोन गाड्यांची जागा सामान उतरवायला मोकळी ठेवायला लाव, मग बघ. हे तुला सुचत कसं नाही, तू तर रोज तिथे राहतेस!

आणि 'गाड्या कमी करा' हे पहिलं मागू नकोस. डेसिबलचा हिशोब वेगळा असतो, गाड्या निम्म्या झाल्या तरी आवाज साधारण 3 डेसिबलनेच उतरतो, कानाला जेमतेम कळतो. निम्मा वाटायला 10 च्या आसपास उतरावा लागतो. वेग कमी करून माग. ताशी 30 च्या जागी 50 ने गाडी आली तर धडकेतली ऊर्जा जवळजवळ पावणेतीन पट होते. आणि नुसती पाटी लावून वेग उतरत नाही, रुंद सरळ रस्ता दिसला की पाय दाबला जातोच, मग चालवणारा कितीही सज्जन असो. रस्त्याला वळण दे, मध्ये झाड आण, कोपरा आवळून घे. नेदरलँड्समध्ये डेल्फ्टच्या गल्ल्यांत हेच केलं, 1976 मध्ये त्याला कायद्यात जागा मिळाली. ऑस्ट्रियातल्या ग्राझने 1992 मध्ये मोठे रस्ते सोडून सगळ्या शहराला 30 लावलं.

डोनाल्ड ॲपलयार्ड नावाचे एक अभ्यासक होते. त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या, वर्दळ सोडली तर एकसारख्याच राहत्या रस्त्यांची तुलना केली, एकावर दिवसाला साधारण 2,000 गाड्या, एकावर 16,000. कमी गाड्यांच्या रस्त्यावर लोकांचे त्याच रस्त्यावरचे मित्र तिप्पट निघाले. हा माणूस स्वतः 1982 मध्ये अथेन्सला भरधाव गाडीखाली गेला. हे वाचलं त्या रात्री मला आमची दोन घरं आठवली. आम्ही एकमेकांचे स्वभाव काढत होतो, गल्ली आम्हाला तोडत होती.

कचऱ्याचंही तेच. जिथे कोणाची खिडकी उघडत नाही आणि दिवा नाही तिथेच पिशवी पडते. टाकणाऱ्याला पकडायचा नाद सोड, दिवा माग.

तुझी काकू म्हणते, तुम्ही आयुष्यभर भांडलात आणि आता पोरीला शहाणपण शिकवताय. भांडलोच. गप्प बसलो असतो तर ते झाकण आजही तसंच वर आलेलं असतं, मीच सहा पत्रं लिहिली तेव्हा ते बसलं. आवाज कोणीतरी करायलाच लागतो, त्याबद्दल मी कोणाची माफी मागणार नाही. फक्त तो त्या माणसावर करायला नको होता.

ग्रुपवर आता काही टाकू नकोस. शनिवारी रात्री दहा ते बारा वही घेऊन खाली उभी राहा, एकटी नको, वरच्या मजल्यावरच्या मावशींना घे, त्यांनाही झोप लागत नाही असं तूच लिहिलंयस. कोण थांबलं ते लिहू नकोस, नंबर तर अजिबात नको. कुठे थांबलं आणि तिथेच का, एवढं लिही. गल्लीचा नकाशा काढ, खांब, झाकणं, झाडं, दिवे सगळं. रविवारी मला फोटो पाठव. घर सोडायची नोटीस त्याच्या आधी देऊ नकोस.

तुझा काका