थंडीत साईटवर काम: बोटं, घाम, काँक्रीट आणि हीटर

गेल्या काही दिवसांत आलेले जवळपास सगळे प्रश्न एकाच गोष्टीबद्दल आहेत, पाणी गोठेल अशा गारठ्यात उघड्यावर काम कसं करायचं. मी स्वतः शटरिंगवाल्यांच्या (काँक्रीट ओतायचा साचा बांधणाऱ्यांच्या) हाताखाली सुरुवात केली आणि पुढे बरीच वर्षं साईट सांभाळली, त्यामुळे यातलं बरंचसं अंगावर काढलेलं आहे. एक गोष्ट आधीच सांगतो, थंडी आधी हात घेते आणि मग डोकं, आणि डोकं मंद झालं की आपण मंद झालोय हे आपल्याला कळतच नाही. म्हणून कधी थांबायचं ते सकाळी अंगात ऊब असतानाच ठरवून ठेवायचं.

प्रश्न: शटरिंगचं काम करतो. ग्लोव्ह्ज घातले की खिळा धरता येत नाही आणि काढले की दहा मिनिटांत बोटं बधिर. काय करू?

दोन जोड्या एकावर एक. आत पातळ, बोटांना घट्ट बसणारे, आणि वर जाड, चारही बोटं एकत्र राहतात तसे. खिळा धरायचा तेवढ्यापुरता वरचा काढायचा, मारून झाला की लगेच परत आत. वरचे ग्लोव्ह्ज दोरीने मनगटाला बांधून ठेवा, नाहीतर एखादा खाली पडतो आणि तो आणायला कोणी उतरत नाही. खिळे पिशवीत नको, जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा, गार लोखंड बोटांतली ऊब फार पटकन ओढतं. आणि ग्लोव्ह ओला झाला की बदलायचाच. ओला ग्लोव्ह परांचीच्या गोठलेल्या पाइपला चिकटतो, एकदा माझा असाच चिकटला आणि मी हिसका दिला तेव्हा तोल गेला होता, हार्नेस (अंगाला बांधायचा सुरक्षेचा पट्टा) लावलेला होता म्हणून आज लिहितोय.

अजून एक, बोटं गार पडतात ती फक्त बोटांना थंडी लागते म्हणून नाही. छाती-पोट गार पडायला लागलं की शरीर हातापायांचं रक्त आत ओढून घेतं. त्यामुळे मान, डोकं आणि छाती झाकलेली नसेल तर कितीही भारी ग्लोव्ह्ज घाला, फरक पडणार नाही. दर थोड्या वेळाने अंगठा त्याच हाताच्या करंगळीला टेकवून बघा. टेकत नसेल तर हातोडी खाली ठेवा आणि आत जा.

प्रश्न: सगळ्यात जाड जॅकेट घेतलं तरी दुपारनंतर कुडकुडतोच. खोदाई आणि माल वाहायचं काम आहे.

तुम्हाला थंडीपेक्षा घाम त्रास देतोय. फावडं मारताना अंग तापतं, आतला सुती बनियन भिजतो, मग पाच मिनिटं उभं राहिलात की तोच ओला कपडा अंगाला चिकटून सगळी ऊब खेचून घेतो. अंगालगत सुती काही नको, लोकरी किंवा सिंथेटिक थर्मल घाला, त्यावर उबदार थर, त्यावर वारा अडवणारं पातळ जॅकेट. जड काम सुरू करायच्या आधीच एक थर काढा, घाम आल्यावर नाही. कामाला लागताना जराशी थंडी वाजत असेल तर ते बरोबर आहे.

पायमोजे दुपारी बदला, कोरडी जोडी डब्याबरोबरच आणायची. तीन तीन मोजे कोंबून बूट घट्ट करू नका, रक्तच नीट फिरलं नाही तर पाय आणखी गार पडतात. एकाच जागी उभं राहायचं काम असेल तर पायाखाली प्लायचा तुकडा टाका, बुटातून वर चढणारी थंडी तेवढ्यानेही बरीच अडते. आणि पाणी प्या, थंडीत तहान कळत नाही पण घाम आणि श्वासावाटे पाणी जातच असतं.

प्रश्न: रात्री उणे 4, दुपारी 6-7 पर्यंत जातं. ठेकेदार म्हणतो दुपारी स्लॅब ओतून टाकू, काही होत नाही. खरंच होत नाही का?

होतं, फक्त त्या दिवशी दिसत नाही. पाण्याचा बर्फ झाला की ते साधारण 9 टक्के फुगतं. ताज्या काँक्रीटमध्ये भरपूर मोकळं पाणी असतं, ते पहिल्याच रात्री गोठलं तर आतून सगळं सैल होतं आणि त्या काँक्रीटची ताकद निम्म्यापर्यंत जाऊ शकते, नंतर कितीही क्युरिंग करा (काँक्रीट ओलं ठेवून पिकवा) ती पूर्ण परत येत नाही. गोठण सोसायला काँक्रीटमध्ये आधी साधारण 3.5 एमपीए (मेगापास्कल, काँक्रीटची ताकद मोजायचं माप) एवढी ताकद यावी लागते. आणि गारठ्यात ती येतेच उशिरा, तापमान 20 वरून 10 वर आलं तरी सेटिंगला, म्हणजे घट्ट व्हायला, दुप्पट वेळ लागतो, 5 च्या खाली तर फार रेंगाळतं. म्हणजे दुपारचे 6 अंश बघू नका, पुढच्या दोन-तीन रात्री बघा.

ओतायचंच असेल तर तयारी आधी. शटरिंग आणि सळईवरचा बर्फ पूर्ण काढा, जमीन गोठलेली असेल तर तिच्यावर अजिबात ओतू नका, तिच्यातला बर्फ वितळला की ती खाली बसते आणि वरचं तडकतं. पाणी गरम वापरा पण उकळतं पाणी थेट सिमेंटवर नको, आधी खडी-वाळूत फिरवा आणि मग सिमेंट. ओतल्या ओतल्या जाड ब्लँकेट, वर ताडपत्री, आणि कडा-कोपरे दुहेरी झाका कारण तेच सगळ्यात आधी गार पडतात. सळई असलेल्या कामात कॅल्शियम क्लोराइड घालू नका, पुढे सळई गंजते, क्लोराइड नसलेलं ॲक्सिलरेटर (काँक्रीट लवकर घट्ट करणारं रसायन) मिळतं ते घ्या. ब्लँकेट काढतानाही एकदम उघडं करू नका, गरम काँक्रीटला अचानक थंडी लागली की वर तडे जातात.

आणि शटरिंग खोलायची घाई तर अजिबात नको. उन्हाळ्यातले दिवस मोजून थंडीत टेकू काढणं यासारखा दुसरा जीवघेणा प्रकार मला माहीत नाही. क्यूब (तपासणीसाठी त्याच काँक्रीटचे भरलेले ठोकळे) साईटवरच त्याच गारठ्यात ठेवा, त्यांची ताकद तपासा आणि मगच हात लावा. ठेकेदाराला हे सगळं खर्चिक वाटेल, त्याला स्लॅब फोडण्याचा खर्च विचारा.

प्रश्न: प्लास्टरसाठी ताडपत्रीची खोली करून आत गॅसचा हीटर लावतो. आम्ही तिघं आतच असतो. चालेल ना?

नाही. धूर बाहेर नेणारी नळी नसलेला हीटर बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठवतो, त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखणं, मळमळ, पाय जड होणं, आणि माणसाला वाटतं थकवा आलाय म्हणून तो तिथेच टेकतो. हीटर बाहेर ठेवून फक्त गरम हवा आत सोडणारा घ्या, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, आणि एकाचंही डोकं दुखलं तर तिघंही बाहेर. शेगडी, जनरेटर, सगळ्यांना हेच लागू.

प्रश्न: जोडीदाराची बोटं पांढरी पडली होती, आम्ही जोरात चोळली. बरोबर केलं का? आणि दोन घोट दारू घेतली तर ऊब येते म्हणतात.

चोळायचं नाही. कातडी पांढरी किंवा राखाडी, मेणासारखी दिसते आणि स्पर्श कळत नाही, तेव्हा आतल्या पेशी गोठलेल्या असतात आणि चोळल्याने त्या फाटतात. उबदार जागी न्या, ओले ग्लोव्ह्ज आणि अंगठी काढा, हात 37 ते 39 अंशांच्या पाण्यात धरा, म्हणजे तुमच्या कोपराला सुखद लागेल एवढंच. शेकोटीवर नाही, बधिर बोट भाजलेलंही कळत नाही. परत गोठायची शक्यता असेल तर मात्र गरम करू नका, आधी डॉक्टर गाठा.

दारूने कातडीकडे रक्त धावतं म्हणून ऊब वाटते, प्रत्यक्षात आतली ऊब बाहेर निघून जाते. शिवाय डोकं आधीच मंद, त्यात ही भर.

एक प्रसंग लिहितो. आमच्यातला एक फिटर वाऱ्यात चार तास वर होता. तापमान उणे 10 होतं, पण ताशी 30 किलोमीटरचा वारा असला की उघड्या कातडीला ते उणे 20 सारखं लागतं. तो एकच नट बोल्टवर चढवत होता, नट सुटायचा, तो परत धरायचा, परत सुटायचा. आधी चिडचिड करत होता, मग बोलणं जड झालं, आणि मग त्याचं कुडकुडणं थांबलं. म्हणाला, आता बरं वाटतंय रे. तिथे मी चुकलो, मलाही बरं वाटलं. खाली उतरवताना त्याला शिडीच्या पायऱ्या मोजून सांगाव्या लागल्या. कुडकुडणं थांबणं ही सगळ्यात वाईट खूण, शरीराचं आतलं तापमान 35 च्या बरंच खाली गेल्याची. अशा माणसाला आडवं करा, ओले कपडे काढा, कोरड्यात गुंडाळा, हलक्या हाताने हलवा आणि ॲम्ब्युलन्स बोलवा. तो नाही म्हणेल. ऐकू नका.

प्रश्न: ड्रिलची बॅटरी थंडीत अर्ध्या वेळात उतरते, खराब झाली का?

बहुतेक नाही, लिथियम बॅटरी गारठली की कमीच चालते. जादाची जॅकेटच्या आत ठेवा आणि आलटून पालटून लावा. फक्त शून्याच्या खाली असताना चार्जिंगला लावू नका, त्याने ती खरंच खराब होते. आत आणा, तासभर ठेवा, मग लावा.