अमेरिकेचं राजकारण समजून घेताय? आधी एवढंच बघा

विषय चांगला निवडलात. फक्त आपली लोकसभा काही दिवस डोक्यातून बाजूला ठेवा, कारण नवख्यांची गल्लत बहुतेक तिथेच होते. बहुमत गेलं की सरकार पडणार, हा प्रकार तिकडे नाहीच. काँग्रेस, म्हणजे तिकडची संसद (प्रतिनिधिगृह आणि सिनेट ही तिची दोन सभागृहं), विरोधी पक्षाकडे गेली तरी राष्ट्राध्यक्ष आपली ४ वर्षं पुरी करतो. त्याचे मंत्री काँग्रेसचे सदस्य असूच शकत नाहीत. तिजोरीची किल्ली मात्र काँग्रेसकडे. खर्चाचं विधेयक अडलं की सरकारी कचेऱ्यांना टाळं! २०१८-१९ मध्ये कारभार ३५ दिवस अंशतः ठप्प होता, तरी राष्ट्राध्यक्ष जागेवरच. हटवायचं तर महाभियोग, आणि त्यातून आजवर एकालाही पदावरून काढता आलेलं नाही.

सुरुवातीला एवढं पक्कं करा:

- प्रतिनिधिगृहात ४३५ जागा, लोकसंख्येनुसार. सिनेटमध्ये १००, दर राज्याला २. तिथे अवाढव्य कॅलिफोर्निया आणि चिमुकल्या लोकसंख्येचं वायोमिंग बरोबरीचे.
- राष्ट्राध्यक्ष व्हायला ५३८ पैकी २७० इलेक्टोरल मतं, म्हणजे राज्यवार वाटलेली निर्वाचक मंडळाची मतं, लागतात. देशभरच्या मतांची बेरीज करत बसू नका. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना २८ लाखांहून जास्त मतं अधिक पडली आणि जिंकले ट्रम्प.
- निवडणुका राज्यं घेतात. आपल्यासारखा देशभर निवडणूक घेणारा आयोग शोधू नका.

फिलिबस्टर (सिनेटमध्ये चर्चा लांबवून विधेयक अडवणं), मतदारसंघांची कापाकापी वगैरे नंतर. टीव्हीवरच्या चर्चाही सध्या नकोत, नुसता गोंधळ वाढतो. मूळ राज्यघटनेत ७ च अनुच्छेद आहेत. पहिले ३ वाचा, अडेल तिथे बिनधास्त विचारा.