घरी चिवचिवाट, शाळेत चिडीचूप

"मॅडम, घरात ही इतकी बोलते की शेजारच्या काकू विचारतात, रेडिओ लावलाय का! आणि शाळेत दीड वर्षात एक शब्द नाही. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करते."

वनिताताई (मायलेकींची नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) सात वर्षांच्या सईला घेऊन आल्या, तेव्हा नोव्हेंबर नुकताच सुरू झाला होता. सांगलीत त्या दिवसांत नाटकाचं वारं असतंच. ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी इथंच 'सीता स्वयंवर' केलं, म्हणून तो मराठी रंगभूमी दिन. सईच्या शाळेतही गॅदरिंगच्या नाटिकेची तालीम सुरू झाली होती. सईला फुलाचं काम होतं आणि एकच वाक्य होतं. पहिल्याच तालमीला ती खांबासारखी उभी राहिली आणि कपडे ओले झाले.

त्यानंतर घरात रोज रात्री त्या एका वाक्याची उजळणी. आधी चॉकलेटची लालूच, मग धमकी. "परवा हात उचलला मी," असं सांगताना वनिताताईंचा आवाज फुटला. "मीपण अशीच होते लहानपणी. पण आमच्या बाईंनी मला स्टेजवर ढकललं आणि मी बोलले. तेव्हापासून कधी घाबरले नाही. मग हिला का जमू नये?"

'मूल घरी बोलतं, शाळेत बोलत नाही' ही चिंता घेऊन येणारे आईवडील मला नेहमी भेटतात. बहुतेकांना वाटतं की मूल हट्टी आहे. नसतं. याला निवडक मूकता म्हणतात, डॉक्टर 'सिलेक्टिव्ह म्युटिझम' म्हणतील. ही चिंतेची अवस्था आहे. साधारण पाच वर्षांच्या आत तिची सुरुवात होते, पण लक्षात येते ती शाळा सुरू झाल्यावर. शाळेच्या पहिल्या महिन्यात गप्प राहणारी मुलं बरीच असतात, तो महिना आपण मोजत नाही. त्यानंतरही महिनाभराहून जास्त काळ मूल शाळेत गप्प असेल, तर 'मोठी झाली की बोलेल' म्हणून थांबू नका. मूल घरीही बोलत नसेल, तर मात्र प्रश्न वेगळा असतो. सईची ऐकण्याची आणि बोलण्याची तपासणी आम्ही आधी करून घेतली. दोन्ही उत्तम होतं.

अशा मुलाला शब्द माहीत असतो, तो बोलायचाही असतो, पण गळा आवळल्यासारखा होतो. आपण "बोल ना गं" म्हटलं की भीती वाढते. मग कुणीतरी कळवळून तिच्या वतीने उत्तर देतं आणि तिची सुटका होते. गप्प राहिलं की सुटतो, हे शरीर शिकतं. म्हणजे ढकलणारा आणि सोडवणारा, दोघंही नकळत ते मौन पक्कं करतात. घरोघरी ही दोन्ही कामं आलटूनपालटून एकच माणूस करत असतो.

मला मात्र वनिताताईंच्या बाईंबद्दल कुतूहल वाटत होतं. दुसऱ्या भेटीत मी म्हटलं, "सईचं बाजूला ठेवू. तुमच्या नाटकाचं सांगा. अगदी पहिल्या दिवसापासून."

त्या हसल्या. तासगावकडच्या एका खेड्यातली जिल्हा परिषदेची शाळा, चौथीचा वर्ग. बाईंनी स्वतःच सीतेच्या स्वयंवरावर छोटी नाटिका लिहिली होती. शिवधनुष्य वेताचं, त्यावर सोनेरी कागद गुंडाळलेला. "ते सांभाळायचं काम माझ्याकडे."

"म्हणजे तुम्हाला भूमिका नव्हती?"

"नव्हती. बाई म्हणाल्या, धनुष्याशिवाय स्वयंवर कसं होणार? तू रोज यायचंस." त्या जरा थांबल्या. "तालमीत बाई विचारायच्या, धनुष्य कुठंय? मी बोट दाखवायची. मग एकदा त्या पाठमोऱ्या होत्या, त्यांना बोट दिसेना. मी म्हटलं, इथंय."

"त्या काय म्हणाल्या?"

"काहीच नाही. 'बरं' म्हणाल्या आणि तालीम पुढे." आता त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "नंतर रोज तसंच विचारायच्या. शेवटच्या आठवड्यात म्हणाल्या, जनकाला धनुष्य तूच नेऊन दे. आणि नेतेसच आहेस तर 'धनुष्य आणलंय, महाराज' असं म्हण. नाही म्हटलंस तरी चालेल, धनुष्य दिसतंयच की."

"मग ढकललं कधी?"

त्या बराच वेळ गप्प होत्या. "विंगेत पाठीवर हात ठेवला होता बाईंनी," त्या म्हणाल्या. "ढकललं नव्हतं."

कार्यक्रम, टाळ्या, पाठीवरचा हात, एवढंच इतकी वर्षं लख्ख राहिलं होतं. त्याआधीचे तालमीचे वीसेक दिवस गळून गेले होते. गोड आठवणींचं असं होतं, वळणं जातात आणि शिखर राहतं. मग तेच शिखर आपण मुलांपुढे ठेवतो आणि म्हणतो, चढ.

पुढचं काम त्या हरवलेल्या दिवसांच्या धर्तीवरच ठरवलं. सईचं फुलाचं काम काढून घेतलं, पण तिला नाटिकेतून काढलं नाही. घंटा तिच्याकडे दिली, पहिली, दुसरी आणि तिसरी. शाळा सुटल्यावर आठवड्यातून दोनदा रिकाम्या वर्गात मायलेकी वीस मिनिटं पत्ते खेळायच्या. वर्गशिक्षिका आधी व्हरांड्यात असायच्या. सई तिथं नेहमीच्या आवाजात बोलू लागली, तेव्हा त्या दाराशी पाठमोऱ्या बसून वह्या तपासू लागल्या. मग मागच्या बाकावर आल्या, मग शेजारच्या आणि शेवटी डावात. पायरी बदलायची ती सई निवांत असेल तरच. प्रश्न विचारला की मनात पाचपर्यंत मोजायचं आणि मध्ये कुणी उत्तर द्यायचं नाही, असा सगळ्यांचा करार होता. "लाल की काळा?" असा दोन पर्यायांचा प्रश्न सोपा जातो, कारण मान हलवून त्याचं उत्तर देता येत नाही.

सातव्या आठवड्यात सई बाईंसमोर कुजबुजली. आणि तिथंच आम्ही अडखळलो. तिथून जाणाऱ्या कुणीतरी प्रेमानंच टाळी वाजवली, "अरे वा, सई बोलली!" त्यानंतर दोन आठवडे पुन्हा मौन. हे मी मुद्दाम सांगते आहे. मूल पहिल्यांदा बोलेल, तेव्हा तुम्हाला रडू येईल. पण तेव्हा फक्त "बरं" म्हणा आणि खेळ पुढे चालू ठेवा. आम्ही एक पायरी खाली आलो, बाई पुन्हा मागच्या बाकावर गेल्या.

गॅदरिंगला सईनं घंटा दिली. वाक्य वगैरे काही नव्हतं. तिसऱ्या घंटेआधी ती पडद्यामागे बाईंच्या पदराशी आली आणि हळूच म्हणाली, "देऊ?" बाई म्हणाल्या, "दे."

आज ती हजेरीला "उपस्थित" म्हणते आणि शेजारच्या दोन मैत्रिणींशी बोलते. सगळ्या वर्गासमोर अजून बोलत नाही, त्यावर काम चालू आहे.

मध्ये वनिताताईंनी नातेवाइकांकडून आपल्या जुन्या बाईंचा नंबर मिळवला आणि फोन केला. बाईंना नाटिका आठवत होती, पण ते वाक्य काही केल्या आठवेना. "धनुष्याची दोरी सारखी सुटायची," त्या म्हणाल्या. "आणि तू ती दातांनी आवळायचीस. एवढं लक्षात आहे बघ."