शिकवणार कोण, ते आधी विचार

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. गाडी घेऊन डिलिव्हरी करू का, गावाकडं परतू का, भरतीचा क्लास लावू का, असे तीन प्रश्न तू एका दमात विचारलेस. ते तिन्ही मी बाजूला ठेवले, कारण खरं दुखणं शेवटच्या ओळीत होतं: "काका, एवढ्या कंपन्या झाल्या, पण मला नक्की काय येतं तेच सांगता येत नाही."

"मेहनत कर, दिवस बदलतील" असलं काही मी लिहिणार नाही. बारा तास उभं राहून कॉट बेसिसच्या, म्हणजे नुसती कॉट भाड्यानं घेतलेल्या खोलीत जाऊन झोपणाऱ्या पोराला मेहनतीवर कोण काय सांगणार? मुद्द्यावर येतो.

मुलाखतीत तुला विचारलं, इन्सर्ट, म्हणजे मशीनचं कापणारं पातं, बदलल्यावर पहिला जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, कसा घेशील, आणि तू गप्प बसलास. उत्तर अगदी साधं आहे. बाहेरचा व्यास असेल तर ऑफसेट, म्हणजे हत्यार कुठवर जाईल तो मशीनमध्ये भरलेला आकडा, थोडा प्लसमध्ये ठेवायचा, म्हणजे माल शिल्लक राहतो. कट घ्यायचा, मायक्रोमीटर लावायचा, जेवढं जास्त भरलं तेवढा ऑफसेट उतरवायचा आणि पुन्हा कट. बस. हे सांगायला पाव तास लागतो. तू सीएनसीवर, त्या कॉम्प्युटरनं चालणाऱ्या मशीनवर, महिनोन्‌महिने उभा होतास आणि तो पाव तास तुला कुणी दिला नाही. तुझं काम काय होतं? दार उघड, जॉब काढ, हवा मार, नवा जॉब चकमध्ये धर, पेडल दाब, दार लाव, सायकल स्टार्ट. ऑफसेटच्या पानाला पासवर्ड, पासवर्ड सेटरकडं, म्हणजे मशीन लावून देणाऱ्याकडं. इन्सर्ट तुटला की हात वर करून थांबायचं. यात तुझं डोकं कमी पडलं असं समजू नकोस. ते काम मांडलंच असं आहे की सातव्या महिन्यातला माणूस आणि पहिल्या दिवशीचा माणूस यांत फरक पडू नये. फरक पडला तर सातव्या महिन्यातल्याला काढताना कंपनीला जड जाईल ना!

म्हणून माझं एकच सांगणं आहे आणि तेच मी पुन्हा पुन्हा सांगणार, कंटाळलास तरी. गेटवर उभा राहशील तेव्हा पगार, शिफ्ट, बस, कँटीन हे सगळं नंतर. आधी विचार: मला शिकवणार कोण? माणूस दाखवा.

हसतील, हे मला माहीत आहे. एचआरची ती पोरगी म्हणेल, "ट्रेनिंग दिलं जाईल." दिलं जाईल म्हणजे कोण देईल? नाव काय त्याचं? कुठल्या मशीनवर असतो? नाव सांगता आलं नाही तर तिथं शिकवणारा कुणी नाही, एवढं समज. आणि तू शिकाऊ म्हणून जात असशील तर हा प्रश्न आगाऊपणाचा नाही, तो कायद्यातलाच आहे. 1961 चा अप्रेंटिस कायदा सांगतो की मालकाला स्वतःला तो ट्रेड येत नसेल तर पात्रता असलेला माणूस शिकाऊ उमेदवाराच्या प्रशिक्षणावर नेमायचा. तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला 2.5 ते 15 टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात, म्हणून ते तुम्हाला घेतात. तुमची संख्या पोर्टलवर चढते. तो नेमलेला माणूस मात्र कुणी शोधत नाही. त्याच कायद्यात शिकाऊ हा कामगार धरलेला नाही, हेही आहे, आणि ते कलम मात्र सगळ्यांना तोंडपाठ! तू वर्षभर अप्रेंटिस होतास. तुला त्या माणसाचं नाव आठवतं का? मी फोनवर विचारलं तर म्हणालास, "सुपरवायझर होते एक." सुपरवायझर म्हणजे शिकवणारा नव्हे रे. तो उत्पादनाचा आकडा मागतो.

तुझ्याआधी "नीम"ची पोरं यायची. 2013 साली एआयसीटीईनं, तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनं, ती योजना आणली, तीन महिन्यांपासून छत्तीस महिन्यांपर्यंत प्रशिक्षण म्हणून. पोरं थेट लाईनवर उभी राहायची आणि कागदावर शिकत असायची. पुढं ती योजना गुंडाळली, पण सवय राहिली. मग तुमच्यासाठी 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. आयटीआयवाल्याला महिना आठ हजार, आधी सहा महिने, नंतर आणखी पाच. तू फिटर, आणि तालुक्याच्या कार्यालयात अकरा महिने अर्जांवर शिक्के मारलेस. तुझ्यावर रागावलो नाही, घरी पैसे लागत होते. पण बायोडाटात तू त्याला "अनुभव" म्हणून लिहिलंस तेव्हा मात्र डोकं फिरलं माझं. कशाचा अनुभव? तुझ्या बोटांना त्या अकरा महिन्यांत काय कळलं?

बोटांना कळतं म्हणजे काय, ते सांगतो. मी टूलरूममध्ये, म्हणजे साचे नि हत्यारं बनवतात तिथं, गेलो तेव्हा उस्तादानं मला पहिले कित्येक दिवस नुसतं टॅपिंग, म्हणजे भोकात आटे पाडायचं काम, दिलं. एम सहाचा टॅप, पाच एमएमचं ड्रिल, बीडाचा ठोकळा. बीडाला तेल घालायचं नाही, लोखंडाला घालायचं, हेसुद्धा त्यानं एक टॅप तुटल्यावर सांगितलं. अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं, म्हणजे चीप, धातूचा कीस, तुटते. तळाशी गेलं की टॅप जड होतो, आणि तुटायच्या अगदी आधी मनगटाला तो किंचित पीळ खातोय असं जाणवतं. त्या क्षणी थांबलास तर टॅप वाचला, न थांबलास तर जॉब भंगारात. हे कुठल्या चार्टवर लिहिलेलं नसतं. उस्ताद माझ्या पाठीशी उभा राहायचा आणि आवाजावरून ओरडायचा, "थांब!" मला काही जाणवायच्या आधी त्याला ऐकू यायचं. असं बरेच दिवस चाललं, मग एकदा त्यानं ओरडायच्या आधीच मी थांबलो. तो काही बोलला नाही, चहाला गेला.

आता तू म्हणशील, काका, तो जमाना वेगळा. तुमच्या वेळी लोक परमनंट व्हायचे. हो, व्हायचे. मीही झालो असतो. आकुर्डीकडच्या एका मोठ्या कंपनीत 1986 साली लाईनवर होतो, नाव यादीत लागलं होतं. ते सोडून भोसरीतल्या एका टूलरूममध्ये गेलो, निम्म्या पगारावर. घरात आठवडाभर कुणी माझ्याशी धड बोललं नाही. माझ्याबरोबरच्यांनी पुढं व्हीआरएस, म्हणजे पैसे घेऊन स्वेच्छानिवृत्ती, घेतली, सांगवीत घरं बांधली. मेहुणा अजून दिवाळीला सुनावतो. माझी ईपीएसची, म्हणजे पीएफवाली, पेन्शन ऐकलीस तर तूही त्याच्याच बाजूनं बोलशील. बोल. पण व्हीआरएस घेतल्यावर त्यांच्यातल्या किती जणांना दुसरीकडं कुणी मशीनवर उभं केलं, तेही विचार. लाईन बंद झाली तेव्हा त्यांच्या हातात पैसे होते, दुसरं काही नव्हतं. मला बासष्टाव्या वर्षी फोन येतात, "काका, डाय (साचा) अडकलाय, या जरा." जातो, पैसे सांगून घेतो. हे मी स्वतःलाच पटवतोय असं तुला वाटेल. वाटू दे. निम्म्या पगारावर गेलो ते शिकवणारा माणूस बघून गेलो, आणि उद्या पुन्हा बावीस वर्षांचा झालो तर पुन्हा तेच करीन.

एक गोष्ट मात्र तुला कळायला हवी, नाहीतर सेटरला उगाच शिव्या घालशील. जुनी माणसं शिकवत का नाहीत? कायद्यात बारा महिन्यांत 240 दिवस भरले की सलग सेवा धरायची असं होतं, म्हणून ते भरू नयेत यासाठी ठेकेदार सातव्या महिन्यात ब्रेक द्यायचा, म्हणजे कामावरून काढायचा. कायदे बदलले, चार श्रमसंहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या, पण ठेकेदाराच्या डोक्यातलं कॅलेंडर एवढ्यात बदलणार नाही. आता सेटरच्या जागी उभा राहून बघ. त्याच्याकडं दर सात महिन्यांनी नवं पोर येतं. मागच्याला त्यानं ऑफसेट शिकवला, पोर तयार झालं आणि गेटबाहेर गेलं. त्याच्या आधीच्याचंही तेच. कितव्या पोरापर्यंत शिकवत राहील तो? शेवटच्या वर्षांत मीसुद्धा नव्या पोरांची नावं विचारणं सोडलं होतं. "ए निळा शर्ट" म्हणून हाक मारायचो. तुला हे आवडणार नाही, पण त्याबद्दल मी काही डोकं आपटून घेत नाही. ज्याला टिकू द्यायचं नाही असं वरच्यांनी ठरवलंय, त्याच्यात जीव ओतायची नोकरी मला कुणी दिली नव्हती. कंपनी म्हणते कुशल कामगार मिळत नाहीत. मिळतील कुठून? शिकणारा टिकत नाही, म्हणून शिकवणारा आटला.

आणि ते बारा तास. 2025 च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यातल्या दिवसाच्या तासांची मर्यादा नऊवरून बारावर न्यायला मंजुरी दिली, तिमाहीचा ओव्हरटाईम 115 तासांवरून 144 वर. आठवड्याचे 48 तास तेवढेच, असं सांगतात. सांगू देत. तू त्याआधीपासूनच ओव्हरटाईम (ओटी) धरून बारा तास करतोयस. ओटीचे पैसे लागतात, मान्य. पण दहाव्या तासाला माणूस शिकत नाही, नुसता उभा असतो, आणि पॉवर प्रेसवर बोटं जातात ती अशाच वेळी. तुझ्या रूममधल्या पोराचं काय झालं ते तूच सांगितलंस मला. ओटी कर, पण जिथं नुसता आकडा काढायचाय तिथं बारा तास देऊन शरीर संपवू नकोस.

डिलिव्हरीचं एका ओळीत सांगतो: पैसे आज जास्त दिसतात, पण तिथं तर शिकवणारा कुणी असण्याचा प्रश्नच येत नाही. कर्ज फेडायला सहा महिने केलंस तर मी काही बोलणार नाही. भरतीच्या क्लासबद्दल तुझ्या वडिलांशी बोल, मला त्यातलं कळत नाही.

शिकवणारा सापडतो कुठं? प्रॉडक्शन लाईनवर शोधू नकोस. मोठ्या कंपनीत गेलास तर मेंटेनन्स माग, टूलरूम माग. मशीन चालू असताना माणूस बटण दाबतो, बंद पडल्यावर शिकतो. मेंटेनन्समध्ये ब्रेकडाऊन आला की जुन्या फिटरला पाना धरायला कुणीतरी लागतंच, आणि पाना धरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सगळी मशीन उघडी पडते. किंवा भोसरी, तळवडे, कुरळी इथल्या शेडमध्ये जा, जिथं पाच-सात माणसं आहेत आणि मालक स्वतः लेथवर उभा असतो. मात्र तिथं डोळे उघडे ठेव. पीएफ भरतो का, ते यूएएन, म्हणजे तुझा पीएफचा नंबर, टाकून पासबुकात बघ, तोंडी विश्वास नको. ईएसआय, म्हणजे कामगार विमा, लागू असेल तर त्याचं कार्ड घे. नेमणूकपत्र माग, आता ते सगळ्यांना द्यायचंच आहे. मुदतीच्या करारावर घेतलं तर वर्ष भरल्यावर ग्रॅच्युइटीही लागते. पण हे सगळं व्यवस्थित असलं आणि शिकवणारा नसला, तर नको. शिकवणारा असला आणि पगार दोन हजारांनी कमी असला, तर जा. "काका, दोन हजार म्हणजे खोलीचं भाडं," असं लगेच लिहू नकोस मला. माहीत आहे. माझ्या माळ्यावर एक कॉट आहे.

भोसरीत माझ्या ओळखीची एक शेड आहे. डाय दुरुस्तीचं काम. मालक तोंडाळ आहे, पोरांना आईबापावरून बोलतो, आणि पगार तुझ्या आताच्यापेक्षा कमीच देईल. पीएफ भरतो, मी पासबुकं पाहिलीत. त्याच्याकडं एक म्हातारा फिटर आहे, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. त्याला कमी ऐकू येतं, पण अजून मशीनला हात लावून बेअरिंग गेलंय का सांगतो. तो आणखी वर्ष-दीड वर्ष येईल, मग गावी जाणार आहे. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी असते, म्हणून बुधवारी संध्याकाळी पाचच्या आत ये. बायोडाटा आणू नकोस, आयटीआयचं सर्टिफिकेट आण. आणि त्या म्हाताऱ्यापुढं मोबाईल काढू नकोस, त्याला राग येतो.

तुझा,
काका